पडवीतला कारखाना

संघटनेच्या कामात आमचे बहुतेक आयुष्य कारखान्यांच्या दारांशी गेले. परंतु अलीकडे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातले, सुतारबंधू आमच्याकडे येऊन निराळाच प्रश्न विचारतात. "भाऊ, घरीच यंत्रे बसवायची आहेत, आधी काय घेऊ?" वरवर पाहता हा खरेदीचा प्रश्न आहे. परंतु त्यात कर्जाचा प्रश्न आहे, हाताच्या बोटांचा प्रश्न आहे आणि कारागिराच्या स्वातंत्र्याचाही आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा मुळापासून दिले पाहिजे.

गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला. बाभळीचा नांगर, तिफण, गाडीची चाके हे त्याचे काम. वाकस, करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट ही त्याची हत्यारे. सगळी एका पोत्यात मावत आणि खांद्यावरून शेतात जात. पुढे वाफेचे यंत्र आले. छताखालून एक लांब लोखंडी दांडा फिरे, त्यावरून पट्टे खाली येत आणि प्रत्येक यंत्र त्या पट्ट्याला जखडलेले असे. यंत्र हलेना, म्हणून माणूस यंत्राकडे गेला. शेकडो माणसे एका छपराखाली आली, आणि त्यातूनच आमच्या संघटना जन्मल्या.

विजेच्या लहान मोटारीने हे चित्र पुन्हा उलटे केले. 1895 साली जर्मनीत फाइन यांच्या कारखान्यात विजेचे हातगिरमिट तयार झाले, आणि यंत्र पुन्हा माणसाच्या हातात येऊ लागले. घरच्या कारागिराला सुधारलेले साधन मिळावे ही कल्पना आपल्या नगरला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी याच शहरात सुधारलेला हातमाग तयार केला होता. आज तीच गोष्ट सुताराच्या पडवीत घडत आहे. नांगराचे काम गेले. आता दारे, कपाटे आणि स्वयंपाकघराचे ओटे आले, आणि त्यांना वेग व नेमकेपणा हवा.

आता प्रश्न जागेचा. प्लायवूडचा तक्ता आठ फूट लांब असतो. तो गोल करवतीवर उभा चिरायचा तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट जागा लागते. पडवी असते दहा-बारा फुटांची. मग करावे काय? एक उपाय असा की, यंत्राच्या बैठकीखाली चार चाके बसवावीत. कामाच्या वेळी ते ढकलत दाराशी आणावे, म्हणजे तक्त्याचे दुसरे टोक अंगणात निघते. काम संपले की यंत्र भिंतीशी जाते आणि पडवी घरच्यांना मोकळी होते. मात्र चाकांना कुलपे हवीत, आणि कापताना ती लावलेलीच हवीत. यंत्र बोटभर जरी सरकले तरी पाते लाकडात अडकते.

दुसरा उपाय याहून सोपा. पाऊण इंच जाडीचा तक्ता तीस किलोच्या आसपास भरतो. तो यंत्रावर नाचविण्यापेक्षा तो आडवा ठेवून हातातली करवतच सरळ पट्टीच्या आधाराने त्यावरून न्यावी. लाकूड जड असेल तर हत्याराने त्याच्याकडे जावे.

जोडकामाचेही तसेच. कुसू आणि त्याची खाच पटाशीने काढणारा हात आम्हांला आजही वंदनीय आहे. परंतु तेच काम साचा लावून राउटरने केले तर दहा खाचा एकसारख्या निघतात. 1955 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये हर्मान श्टाइनर नावाच्या सुताराने एक युक्ती काढली. दोन्ही फळ्यांत चंद्रकोरीसारखी चीर पाडायची आणि दाबून चपटी केलेली लाकडाची चकती सरस लावून त्यात बसवायची. सरसातले पाणी पिऊन चकती फुगते व सांधा आवळला जातो. पण सरस वाळेपर्यंत फळ्या घट्ट धरून ठेवायला शिकंजे लागतात, ज्यांना दुकानात क्लॅम्प म्हणतात. आमच्या पाहण्यात पुष्कळजण यंत्र घेतात आणि शिकंजे विसरतात. शिवाय यंत्र कितीही चांगले असले तरी ओल्या लाकडाचा दोष ते झाकू शकत नाही. आपला मुलूख पर्जन्यछायेचा, उन्हाळा कोरडा. ओले लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ आकसत नाही. म्हणून घाईने जोडलेले दार चैत्र-वैशाखात तोंड उघडते. दाराची मधली फळी खाचेत सरस न लावता मोकळी ठेवावी, हा जुन्या सुतारांचा नियम आजही खरा आहे.

आता विजेकडे वळू. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. दोन अश्वशक्तीची मोटार 230 व्होल्टवर बराच प्रवाह ओढते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. पंख्याच्या तारेवर ती लावणे म्हणजे घराला आग लावणे होय. जाड तांब्याची स्वतंत्र तार, सोळा अँपिअरची जोडणी, खरी अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच, एवढे हवेच.

एक प्रसंग सांगतो. आमच्या ओळखीचा एक सुतार गोल करवतीवर काम करीत होता. मध्येच वीज गेली. पाते लाकडात अडकले होते, ते सोडवायला त्याने हात घातला; बटण बंद करायचे राहून गेले. तेवढ्यात वीज आली. दोन बोटे गेली. तो आमच्याकडे भरपाईसाठी आला, तेव्हा आमची जीभ अडखळली. कामगाराला भरपाई देणारा कायदा 1923 पासून आहे. पण तो मालकाकडून देववितो. इथे मालकही तोच आणि कामगारही तोच! वीज गेली की आपोआप बंद होणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू न होणारा स्विच मिळतो. तो त्या करवतीवर असता तर ती बोटे वाचली असती.

कारखान्यात जे संरक्षण आम्ही भांडून मिळविले, ते पडवीत आपले आपणच पाळावे लागते. पात्यावरचे झाकण काढू नये. पात्यामागचा फाटा काढू नये. चिरलेले लाकूड मिटून पात्याला चिमटले तर ते उलट अंगावर येते. फिरत्या पात्याजवळ हातमोजे आणि लोंबत्या बाह्या नकोत. लाकडाची भुकटी तर कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1995 साली जाहीर केले आहे. ती भुकटी जिथे उडते तिथेच पोरे निजतात. म्हणून भुकटी ओढणारे यंत्र ही चैन नव्हे.

तेव्हा क्रम असा धरावा: आधी भक्कम बाक, शिकंजे, वीज आणि भुकटीचा बंदोबस्त, मग हातातली यंत्रे, शेवटी चाकांवरची करवत. 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुताराला हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. परंतु कर्ज मिळते म्हणून यंत्र घेऊ नये. काम आहे म्हणून घ्यावे.

आणि जाडी काढणारे मोठे रंधायंत्र एकट्याने घेऊच नये. ते दिवसातून तासभर चालते आणि उरलेला वेळ व्याज खाते. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला आणि 1950 च्या सुमारास तो चालवून दाखविला, त्या जिल्ह्यात पाच सुतारांना एक रंधायंत्र समाईक घेता येऊ नये काय? हाताने उचलते ते स्वतःचे असावे, उचलत नाही ते समाईक असावे. यंत्र हाती आल्याने कारागीर मालकाच्या जाचातून सुटला, पण एकटाही पडला. हे एकटेपण समाईक यंत्राने काही अंशी तरी जाईल.

शेवटी आपणा शहरवासीयांना एक विनंती. कपाटाची किंमत ठरविताना आपण घासाघीस करता, त्यात सुतार लाकूड कमी करीत नाही. तो प्रथम स्वतःचा मुखपट्टा आणि यंत्राचे झाकण कमी करतो. पुढच्या वेळी त्याच्या पडवीत जाल तेव्हा लाकडाबरोबर तेवढे झाकण जागेवर आहे की नाही, तेही पाहा. नसेल तर त्याला विचारा, आणि भाव ठरविताना ते ध्यानात ठेवा.