घरी सांगायच्या आधी

पेण किंवा रोह्यात तिशी ओलांडलेला मुलगा लग्नाला नाही म्हणू लागला की चौकशी घरापुरती राहत नाही. तो हमरापूरच्या गणपती कारखान्यात रंगकाम करणारा असो की धाटावच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा, त्याच्यासाठी स्थळं सुचवणारे नाक्यानाक्यावर भेटतात. मुलीला तर तिशीपर्यंतची सवलतही नाही. अशा ठिकाणी 'मी समलिंगी आहे' हे आईवडिलांना सांगायचं म्हणजे आज ना उद्या ते आळीला आणि भावकीला कळणार, हे धरूनच चालावं लागतं.

म्हणूनच अशा मुलामुलींसाठीचं मदतकेंद्र गावातच हवं, हा आग्रह मला पटत नाही. तिथला जिना कोण चढलं, हे संध्याकाळपर्यंत बाजारात कळेल. त्यापेक्षा दिवा-रोहा गाडी पकडून मुंबईत शिरणं सोपं. तिथे वडिलांना ओळखणारं कुणी नसतं.

मुंबईत अशी जागा सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात उभी राहिली. 1990 मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू करणाऱ्या अशोक राव कवी यांनी सुहैल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांच्यासह 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन केला. पुढे महापालिकेने आपल्या इमारतीत त्यांना जागा दिली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तेव्हा पूर्ण जोरात होतं, तरीही हे घडलं, कारण एड्सची भीती त्याहून मोठी होती. त्या जागेत तपासणी आणि समुपदेशन तर चालेच, पण नुसतं येऊन बसता येई, आपल्यासारखे दहाजण दिसत. माझ्या मते खरं औषध तेच.

घरी सांगून टाक, असा धोशा जाणता समुपदेशक लावत नाही. तो आधी व्यवहाराचं विचारतो. कमाई स्वतःच्या हातात आहे का? घराबाहेर काढलं तर चार दिवस कुठे राहशील? आधी कुणाला सांगता येईल, बहिणीला की मावशीला? घरात कुणाचं लग्न ठरलेलं असेल तर थांबायचं का? न सांगणं हाही निर्णय असू शकतो.

एड्स रोखण्यासाठीच्या पैशावर उभी राहिलेली केंद्रं साहजिकच पुरुषांची झाली. स्त्रियांनी 1995 मध्ये मुंबईत 'स्त्री संगम' हा वेगळा गट काढला, तोच पुढे 'लेबिया'. रोह्याच्या मुलीला मात्र एकटीने मुंबईला जायलाच कारण द्यावं लागतं. तिच्यापर्यंत पोचतो तो फोन, तोही घरात कुणी नसताना.

2018 च्या 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. लग्नाचा हक्क मात्र 2023 मध्ये नाकारला. 'माझं लग्न ठरवू नका' म्हणणाऱ्या मुलाला त्यामुळे दाखवण्यासारखं पर्यायी घर अजून कायद्यात नाही.

आणि मुलाला वाकोला सापडतं, आईला काय सापडतं? ती त्याला डॉक्टरकडे नेते, नाहीतर भगताकडे. डॉक्टरपुरतं बोलायचं तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये समलिंगी कल 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. भगताला विचारणारं कुणी नाही. मुंबईत 2017 पासून 'स्वीकार' हा पालकांचा गट आहे. पालकांनीच पालकांशी बोलायचं, ही त्याची साधी रीत. पुण्यात 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट काढणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी आणखी एक मोलाचं काम केलं: 'पार्टनर', 'इंद्रधनू' अशी पुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली. इंग्रजी न वाचणाऱ्या घरात ती ठेवता येतात, अर्थात ठेवण्याची हिंमत असेल तर.

पेण-रोह्यापुरतं माझं मागणं त्यामुळे उलट दिशेचं आहे. मुलांचं केंद्र दूर असलं तरी चालेल, पालकांशी बोलणं मात्र इथेच व्हायला हवं. सुरुवातीला चेतन दातारांच्या 'एक माधवबाग'चा प्रयोग ठेवावा. मुलगा समलिंगी असल्याचं कळलेल्या आईचं हे स्वगत मोना आंबेगावकर यांनी गाजवलंय. नाटक बघायला बायका येतील. आपण का आलो, हे तिथे कुणालाच सांगावं लागणार नाही.