लाल कार्डाचा इन्साफ

उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, पेशाने शिक्षक असलेले आणि पुढे हैदराबाद सिटी पोलीस व भारतीय संघ घडविणारे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हैदराबाद शहरात फुटबॉलची गोष्ट निघाली, की १९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा ओघानेच येते. थायलंडविरुद्ध डोके फुटलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूस रहीमसाहेबांनी पट्टी बांधून आघाडीस खेळविले, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या २-१ अशा विजयात एक गोल त्याचाच होता. पराक्रम खराच, पण आजचा कोणताही सुज्ञ वैद्य असली परवानगी देणार नाही.

अशा दुखापती करणाऱ्यास जाब विचारणारी लाल-पिवळी कार्डे विश्वचषकात आली ती १९७० साली, मेक्सिकोत. विद्यमान नियमांत निष्काळजी टॅकलला नुसती फ्री किक, बेदरकार टॅकलला पिवळे आणि अतिरिक्त बळाने प्रतिस्पर्ध्यास धोक्यात घालणाऱ्यास लाल, अशी कसुराची प्रतवारी आहे. हेतू काय होता, याची तहकीकात पंचाने करावयाची नसते. मैदानावर "जाणूनबुजून नाही केलं, सर!" ही फिर्याद नित्य ऐकू येते, पण मोडणाऱ्या नडगीस हेतूशी काय कर्तव्य? मला ही व्यवस्था न्याय्य वाटते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल (त्यांचा खेळ निराळाच) मात्र अशी प्रतवारी करीत नाही: २०१३ पासून तेथे डोक्यास लक्ष्य करणाऱ्या धडकेस सरसकट हकालपट्टी ठरली, मग ती धडक दुष्टाव्याने दिलेली असो वा नसो.