हाडांच्या कर्करोगाचे मूळ जनुकांत किती?

मुंबई, प्रतिनिधी – शाळकरी मुलाचा गुडघा दुखू लागला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कुठे पडलास?’ मढच्या कोळीवाड्यासारख्या वस्तीत, जिथे मुलांचा निम्मा दिवस वाळूत आणि होड्यांभोवती जातो, तिथे एखादी इजा सहज आठवते. तेल चोळले जाते, लेप लावला जातो आणि त्यात आठवडे निघून जातात. वास्तविक मार लागल्याने हाडाचा कर्करोग होत नाही. मारामुळे दुखऱ्या जागेकडे लक्ष जाते, इतकेच. निदान झाल्यावर मात्र आईवडिलांचा प्रश्न बदलतो. हे आमच्या रक्तातून तर आले नाही ना?

मुलांमध्ये हाडांचा कर्करोग मुळात दुर्मीळ. त्यात सर्वाधिक आढळणारा ‘ऑस्टिओसार्कोमा’ दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण ४ ते ५ जणांना होतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात तो डोके वर काढतो आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास, मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाला होतो. उंच मुलांत त्याचा धोका किंचित अधिक दिसतो. (ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा थोराड जातींच्या कुत्र्यांतही हाच रोग अधिक आढळतो, हा निव्वळ योगायोग नसावा.)

येथे एक गल्लत टाळायला हवी. गाठीतील पेशींत जनुकांची मोडतोड जवळपास नेहमीच सापडते, पण ती बहुतेक वेळा त्या गाठीपुरतीच असते. ‘युइंग सार्कोमा’ या दुसऱ्या प्रकारात ११ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. तो बदलही आईवडिलांकडून आलेला नसतो. जन्मापासून शरीरातील प्रत्येक पेशीत असलेला दोष ही वेगळी गोष्ट आहे.

असे काही दोष चांगलेच परिचित आहेत. अमेरिकेतील फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्राउमेनी यांनी १९६९ मध्ये एकाच कुटुंबात कमी वयात निरनिराळे कर्करोग होत असल्याची नोंद केली. पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणाऱ्या ‘टीपी ५३’ या जनुकातील बिघाड त्यामागे असल्याचे १९९० मध्ये उघड झाले. असा बिघाड असलेल्या पालकाकडून तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. ‘आरबी १’ या जनुकातील जन्मजात दोषामुळे लहानग्यांना डोळ्याचा कर्करोग होतो. त्यातून वाचलेल्या मुलांना पुढे हाडाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांहून बराच जास्त असतो.

परंतु घराण्यात कर्करोगाचा इतिहासच नाही, अशा मुलांचे काय? २०२० मध्ये ऑस्टिओसार्कोमाच्या हजाराहून अधिक रुग्णांच्या तपासणीत सुमारे २८ टक्क्यांत कर्करोगाशी निगडित एखाद्या जनुकात जन्मजात घातक बदल सापडला. हा आकडा मोठा वाटतो खरा. पण तुलनेसाठी घेतलेल्या, हा रोग नसलेल्या व्यक्तींतही असे बदल १२ टक्क्यांत होतेच. म्हणजे बदल आहे म्हणून रोग होणारच, असे नाही. शिवाय मुंबईतील मुलांना हा आकडा जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. युइंग सार्कोमा युरोपीय वंशाच्या मुलांत अधिक आणि आफ्रिकी वंशाच्या मुलांत अत्यंत कमी आढळतो, यावरून वंशागणिक फरक किती पडतो ते लक्षात येते.

मग तपासणीचा उपयोग काय? ‘टीपी ५३’चा दोष असलेल्या मुलाला किरणोत्सर्गापासून शक्य तितके दूर ठेवले जाते. नियमित तपासणीसाठी सीटी स्कॅनऐवजी एमआरआयला पसंती दिली जाते. भावंडांची चाचणी करता येते. ज्यांच्यात दोष नाही त्यांची वर्षानुवर्षांची धास्ती एका अहवालाने संपते. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये अशा कुटुंबांसाठी कर्करोग आनुवंशिकीचे स्वतंत्र क्लिनिक असून, चाचणीपूर्वी समुपदेशन केले जाते. कोणाच्या ‘रक्तात दोष’ यावरून घरात सुरू होणारी कुजबुज पाहता, ते चाचणीइतकेच गरजेचे आहे.

मढहून परळ गाठायचे तर फेरीबोटीने वर्सोवा, तिथून अंधेरी आणि पुढे लोकल. केमोथेरपीच्या आवर्तनांसाठी हा प्रवास काही महिने चालतो. रोग फुप्फुसांत पसरण्यापूर्वी उपचार मिळाले तर निम्म्याहून अधिक मुले बरी होतात आणि बहुतेकांचा पायही वाचवता येतो. रात्री झोपेतून उठवणारे, आठवड्यागणिक वाढणारे दुखणे आणि सूज दिसल्यास पहिली तपासणी साध्या एक्स-रेचीच असते.