गिरणीबंदी, मुंबईतील
मुंबईतील सुती कापडगिरण्या १९८२ च्या संपानंतरच्या दोन दशकांत एकामागून एक बंद पडल्या व लाखाहून अधिक कामगार बेकार झाले, ती प्रक्रिया. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांचा या उद्योगाशी जुना संबंध आहे. माथेरानच्या पूर्वेस व आग्नेयीस सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिवपुरी (१९२२) व खोपोली (१९१५) येथील टाटा जलविद्युत् केंद्रांची वीज प्रारंभी मुख्यत्वे या गिरण्यांनाच पुरविली जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेस मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे, या प्रमुख मागण्या होत्या. संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तथापि संपामुळेच गिरण्या बुडाल्या, हे प्रचलित मत अपुरे आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग आधीपासूनच स्वस्त कापड काढीत होते; विखुरलेल्या लहान घटकांमुळे तेथे कारखाना कायदा क्वचितच लागू होई व मजुरीही कमी असे. कृत्रिम धाग्यांची मागणी वाढत होती. उलट अनेक मालकांनी जुनी यंत्रसामग्री बदलली नाही व नफा अन्यत्र गुंतविला. संपकाळात काहींनी यंत्रमागांवर कापड विणवून त्यावर गिरणीचा छाप उमटविला.

१९८३ मध्ये केंद्र शासनाने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. मोठा कारखाना बंद करण्यास शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक होती. म्हणून बऱ्याच गिरण्या रीतसर बंद झाल्याच नाहीत. कापूस येईनासा होई, विजेचे देयक थकून पुरवठा तुटे, पगार राही आणि अखेर कामगार स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करी. कोकणातील व घाटावरील ज्या घरांना त्याची मनिऑर्डर जाई, त्यांची मिळकतही त्याबरोबर आटली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी व एक सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती ग्राह्य धरली. त्यामुळे कामगारांच्या घरांना मुंबईत जागा अपुरी पडली. २०२४ मध्ये शासनाने नेरळजवळील शेलू (ता. कर्जत) व वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे केली. परळपासून शेलू सुमारे ७५ किमी. दूर आहे, घरे मुंबईतच मिळावीत, असा कामगार संघटनांचा आग्रह राहिला.