आसामात भेटली सीतेची वेणी!

एप्रिलमध्ये आसामच्या जंगलात फिरताना गाईड अचानक थांबला. "वर बघा!" फांदीवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा गजराच लोंबत होता. हे कपौ फूल, आसामचं राज्यफूल. बिहू नाचताना मुली ते केसांत माळतात. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी ती हीच!

सोबतच्या काकू फूल तोडायला सरसावल्या. म्हणाल्या, "बांडगूळच तर आहे!"

गाईडने समजावलं, "नाही, हे ऑर्किड झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेतं. याचं बी धुळीसारखं बारीक असतं. ठरावीक बुरशीची साथ मिळाली, तरच ते रुजतं."

काकूंनी हात मागे घेतला आणि मोबाइल काढला. तुम्हालाही जंगलात ऑर्किड दिसलं, तर घरी फक्त फोटोच न्या!