प्रबंधातले संदर्भ सांभाळायचे कसे? आणि रोज येणाऱ्या नव्या संशोधनावर लक्ष कसं ठेवायचं?

प्रबंध जमा करायला चार दिवस उरलेत. गाईडने होकार दिलाय. आणि तेव्हाच लक्षात येतं की दुसऱ्या प्रकरणातला एक महत्त्वाचा आकडा नेमका कोणत्या पेपरमधून घेतला होता, ते आठवतच नाही. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये दोनशे पीडीएफ आहेत, पण त्यातल्या अर्ध्यांची नावं म्हणजे नुसते आकडे. मग रात्र जागून शोधाशोध सुरू होते.

एमए, एमएस्सी किंवा पीएचडी करणाऱ्या अनेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. संदर्भसूची हे शेवटच्या आठवड्यातलं टायपिंगचं काम आहे, असं समजल्यामुळे ही वेळ येते. खरं तर संदर्भ म्हणजे पत्ता. 'मी हे म्हणतोय ते कशाच्या आधारावर, ते इथे जाऊन तपासा,' असं संशोधक वाचकाला सांगत असतो. तो पत्ता चुकीचा निघाला किंवा त्या पत्त्यावरचं घरच पडलेलं असलं, तर त्यावर उभा केलेला मुद्दाही डळमळतो.

पेपर छापून आला म्हणजे तो कायमचा खरा?

नाही. 2020 चं एक प्रकरण पाहू. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, 22 मे 2020 रोजी 'द लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक पेपर आला. 671 रुग्णालयांतल्या 96 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासल्याचा त्यात दावा होता. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं, असं त्यात म्हटलं होतं. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला.

पण आकडे जुळत नसल्याचं इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. ही माहिती सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीने पुरवली होती आणि मूळ नोंदी तपासायला द्यायला कंपनी तयार झाली नाही. 4 जूनला पेपर मागे घेण्यात आला. म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचं आयुष्य.

प्रश्न पुढचा आहे. त्या दोन आठवड्यांत ज्याने पीडीएफ डाउनलोड करून ठेवली, त्याला हे कसं कळणार? लॅपटॉपमधली फाइल आपोआप बदलत नाही. तिच्यावर 'मागे घेतला' असा शिक्का उमटत नाही. म्हणूनच संदर्भ जपून ठेवणं आणि नव्या घडामोडींवर लक्ष ठेवणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

मग सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

यासाठी 'रेफरन्स मॅनेजर' नावाची सॉफ्टवेअर असतात. त्यातली तीन नावं सतत कानावर येतात.

• झोटेरो: अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 मध्ये सुरू झालं. मोफत आणि मुक्त स्रोत आहे.
• मेंडेली: वापरायला मोफत. 2013 पासून एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीच्या मालकीचं.
• एंडनोट: क्लॅरिव्हेट कंपनीचं, पैसे मोजून घ्यावं लागतं. विद्यापीठाने घेतलेलं असेल तर विद्यार्थ्यांना वेगळा खर्च येत नाही.

तिघांचं मूळ काम एकच. ब्राउझरमध्ये पेपर उघडला असताना एक बटण दाबलं की लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिक, पान क्रमांक ही सगळी माहिती साठवली जाते. वर्डमध्ये लिहिताना योग्य जागी संदर्भ टाकता येतो आणि शेवटची सूची आपोआप तयार होते. विभागाने ऐनवेळी एपीएऐवजी एमएलए पद्धत मागितली, तरी दीडशे नोंदी पुन्हा टाइप कराव्या लागत नाहीत. काही क्लिकमध्ये काम होतं.

झोटेरोमध्ये आणखी एक सोय आहे. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीशी ते जोडलेलं आहे. साठवलेला पेपर मागे घेतला गेला असेल, तर तशी सूचना दिसते. तो पेपर प्रबंधात टाकायला गेलं तरी इशारा मिळतो. मात्र त्यासाठी नोंदीत त्या पेपरचा डीओआय किंवा पबमेडचा क्रमांक असावा लागतो.

डीओआय म्हणजे पेपरचा आधार क्रमांकच म्हणा ना. तो '10' ने सुरू होतो आणि वेबसाइटचा पत्ता बदलला तरी बदलत नाही. नुसती पीडीएफ साठवण्यापेक्षा डीओआयसह पूर्ण नोंद करणं महत्त्वाचं ते यासाठी.

एआयने दिलेले संदर्भ चालतील का?

तपासल्याशिवाय नाही. चॅटबॉट खऱ्यासारखे दिसणारे, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ देऊ शकतात. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने सुचवलेल्या खटल्यांचे दाखले दिले. ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी त्यांना 5 हजार डॉलरचा दंड ठोठावला.

तपासणी सोपी आहे. डीओआय त्याच्या अधिकृत वेबसाइटवर टाकायचा. पेपर उघडतो का, शीर्षक आणि लेखक तेच आहेत का, ते पाहायचं. आणि आपण जे म्हणतोय ते त्या पेपरमध्ये खरंच आहे का, हे वाचून बघायचं. ही शेवटची पायरी कोणतंच सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही.

नोंदी नीट नसतील तर वाङ्मयचौर्याचा ठपका कसा येतो?

यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सुधारित प्रबंध सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर तो सादर करता येत नाही. त्यापुढे गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. संदर्भसूची आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीत धरली जात नाहीत.

घोळ होतो तो टिपणांमध्ये. पेपरमधला परिच्छेद जसाच्या तसा वहीत किंवा फाइलमध्ये उतरवला जातो. सहा महिन्यांनी ते वाक्य आपलं की लेखकाचं, हेच कळत नाही आणि ते थेट प्रबंधात जातं. उपाय जुनाच आहे. उतरवलेलं वाक्य अवतरणचिन्हात, पुढे पान क्रमांक. स्वतःचं मत वेगळ्या रंगात.

रोज इतकं नवीन येतं, वाचायचं कधी?

सगळं वाचायचंच नसतं. आधी चाळणी लावायची असते. गूगल स्कॉलरवर तीन प्रकारचे अलर्ट मोफत लावता येतात: विषयाच्या शब्दांवर, एखाद्या संशोधकाच्या नावावर आणि एखाद्या पेपरचा पुढे कोणी संदर्भ दिला त्यावर. तिसरा सर्वात उपयोगी. आपल्या विषयातले चार-पाच पायाभूत पेपर निवडून त्यांच्यावर अलर्ट लावला, की त्यांना पुढे नेणारे आणि खोडून काढणारे दोन्ही पेपर ईमेलवर येतात. वैद्यकशास्त्रासाठी पबमेड आणि भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्रासाठी आर्काइव्ह इथेही अशी सोय आहे. आर्काइव्हवरचे लेख मात्र तज्ज्ञांकडून तपासून छापलेले नसतात, हे लक्षात ठेवायला हवं.

वाचण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी 2007 मध्ये मांडलेली 'तीन फेऱ्यां'ची पद्धत प्रसिद्ध आहे. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटं: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं आणि निष्कर्ष. दुसऱ्या फेरीत साधारण तासभर: आकृत्या, तक्ते आणि मुख्य मुद्दे. तिसरी फेरी काही तासांची, पण ती फक्त आपल्या कामाच्या गाभ्याशी असलेल्या पेपरसाठी. बहुतेक पेपर पहिल्या फेरीतच बाजूला ठेवता येतात.

पेपर विकत घ्यायला पैसे नसतील तर?

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी रुपये आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13 हजार नियतकालिकं, असं तिचं स्वरूप आहे. सरकारी उच्च शिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे ग्रंथालयात विचारायचं. याशिवाय देशभरातले पीएचडी प्रबंध 'शोधगंगा'वर मोफत वाचता येतात.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांनी काय करायचं?

इथे थोडी जास्त मेहनत आहे. अनेक मराठी पुस्तकांची आणि जुन्या मासिकांची माहिती एका क्लिकवर मिळत नाही. ती हाताने भरावी लागते. एकच लेखक एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये नोंदवला, तर सूचीत तो दोन वेगळी माणसं म्हणून येतो. त्यामुळे पद्धत पहिल्या दिवशीच ठरवावी. आपण वापरलेली आवृत्ती पहिली की पाचवी, तेही लिहावं, कारण पान क्रमांक बदलतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाहीत. अशा फाइलला नाव आणि टिपण स्वतःच द्यावं लागतं. आपोआप तयार झालेल्या मराठी सूचीत मध्येच इंग्रजी शब्द उमटू शकतात, म्हणून शेवटचा हात फिरवणं आलंच.

सुरुवात कुठून करायची?

आठवड्यातला एक तास पुरतो. अलर्टचे ईमेल चाळायचे, कामाचे पेपर साठवायचे, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या: यात काय सापडलं आणि माझ्या कामात ते कुठे लागेल. झोटेरोवर फाइलींसाठी मोफत जागा 300 एमबीच मिळते, म्हणून महिन्यातून एकदा सगळ्याची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. आणि प्रबंध जमा करायच्या आधी पूर्ण सूचीवर एकदा नजर टाकायची: यातलं काही मागे तर घेतलं गेलेलं नाही ना? व्हायव्हात परीक्षकांनी एखाद्या संदर्भावर बोट ठेवलंच, तर उत्तर तयार असेल.