भिंतीच्या पोटातली ओल

दिवाळीच्या तोंडावर घराला हौसेनं रंग काढावा, आणि पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच कपाटामागच्या भिंतीला पुन्हा पोपडे यावेत! मैत्रिणींनो, हा अनुभव कुणाला नाही? रंगारी म्हणतो भिंत खराब, गवंडी म्हणतो नळ गळतोय, वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात आमची मोरी कोरडी ठणठणीत आहे. पैसे मात्र आपल्याच घरखर्चातून जातात.

प्रश्न नुसत्या रंगाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ओल आणि बुरशीविषयी जी मार्गदर्शिका काढली, तीत दम्याचा आणि श्वासाच्या त्रासांचा ओलसर घराशी संबंध दाखवला आहे. शिवाय स्लॅबमधल्या सळईला गंज चढला की ती फुगते आणि सिमेंटचे तुकडे खाली पडतात.

ओल डोळ्यांना दिसते तेव्हा ती बरीच मुरलेली असते. हातानं चाचपून तरी काय कळणार? थंड भिंतही ओलीच लागते. यासाठी हातात मावेल असं एक छोटं यंत्र मिळतं. दुकानात त्याला ‘मॉइश्चर मीटर’ म्हणतात. एका प्रकाराला सुईसारखी दोन टोकं असतात. ती भिंतीत किंवा लाकडात हलकेच टोचायची. कोरड्या वस्तूतून वीज सहज वाहत नाही, ओल्यातून वाहते. त्यावरून यंत्र आकडा दाखवतं. दुसऱ्या प्रकाराला सुया नसतात. तो भिंतीवर सपाट टेकवायचा. भोकं पडत नाहीत, पण खडबडीत भिंतीवर तो नीट बसत नाही.

आता आकड्याची गोष्ट. बऱ्याच यंत्रांवरचे टक्के लाकडासाठी ठरवलेले असतात. दाराच्या चौकटीत आकडा २०च्या वर गेला तर लाकूड कुजण्याची काळजी करावी. गिलाव्यावर मात्र तो खरा टक्का नव्हे, तिथे फक्त तुलना करायची. ती अशी :

१. त्याच खोलीतली खात्रीनं कोरडी असलेली भिंत आधी मोजा. हा आपला मूळ आकडा.

२. संशय असलेल्या भिंतीवर वीत-वीत अंतरावर पेन्सिलीनं खुणा करा. प्रत्येक आकडा तारखेसह वहीत लिहा.

३. आकडा कुठे चढतो ते पाहा. छताजवळ चढत असेल तर गच्ची किंवा वरची मोरी तपासावी. तळमजल्यावर जमिनीलगत चढत असेल तर ओल खालून येत असावी. मधेच एका पट्ट्यात चढत असेल तर आतल्या नळाचा संशय घ्यावा.

४. आठ दिवसांनी त्याच खुणांवर पुन्हा मोजा.

आमच्या शेजारणीचं आणि वरच्या वहिनींचं याच ओलीपायी बोलणं बंद होतं. वहीतले आकडे पाहिले तर मोरीखाली ते कमी, आणि खिडकीच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त, तेही पाऊस झाला की चढणारे! बाहेरच्या गिलाव्याला भेग होती. वहिनींची मोरी बिचारी निर्दोष निघाली.

पण यंत्राला डोळे मिटून मानू नका, बरं का! भिंतीला लोणा लागला असेल किंवा आत लोखंडी नळ वा सळई असेल, तर आकडा उगाच फुगतो. बटणांच्या आसपास आणि भिंतीतून विजेच्या तारा गेल्या असतील तिथे सुया अजिबात टोचू नका. तिथे ओल दिसली तर मेन स्विच बंद करून वायरमनलाच बोलवा.

यंत्र एकटीनं घेणं जिवावर येत असेल तर इमारतीत मिळून एक घ्या. तेही नसेल तर हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा. दोन दिवसांनी कागदाच्या आतल्या बाजूला पाणी दिसलं तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर ती खोलीतल्या दमट हवेची. मग खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आणि गळती दुरुस्त झाली की लगेच रंगाऱ्याला बोलावू नका. भिंत वाळायला आठवडे लागतात. आकडा मूळ आकड्याजवळ आला, की मगच रंगाचा डबा उघडायचा!